खान्देशातल्या वकिलांसाठी: हवामान बदलाची केस पहिल्या भेटीपासून अंमलबजावणीपर्यंत कशी न्यायची

रावेर-यावल पट्ट्यात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की केळीचे घड करपतात आणि झाडं घडासकट मोडून पडतात. मग जूनचं पहिलं वादळ येतं आणि उरलेली बाग तासाभरात आडवी होते. काही महिन्यांनी तो शेतकरी विमा कंपनीचं नकाराचं पत्र घेऊन तालुका कोर्टाच्या आवारात येतो. आपण त्याला 'विम्याचं मॅटर' म्हणतो. गिरणाकाठचं गाव आलं की 'वाळूचं मॅटर', राखेची तक्रार आली की 'प्रदूषणाचं मॅटर', धडगावचा माणूस आला की 'वनजमिनीचं मॅटर'. माझ्या मते ही सगळी हवामान बदलाचीच प्रकरणं आहेत आणि ती चालवायला दिल्ली-मुंबईच्या मोठ्या नावांची वाट बघायची गरज नाही. चोपडा, अमळनेर, शिरपूर, साक्री, शहादा, तळोदा इथल्या बारमध्ये बसणारा वकील ती चालवू शकतो. मात्र तारखा आणि कागद यांत हयगय चालत नाही, म्हणून हा लेख बराचसा त्याच दोन गोष्टींबद्दल आहे.

आधी पायाखालचा कायदा पाहून घ्या

२१ मार्च २०२४ च्या एम. के. रणजितसिंह विरुद्ध भारत सरकार या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण मिळण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये आहे. हा निकाल उद्धृत करण्याआधी तो कोणत्या प्रकरणात आला हे नीट वाचा. वाद माळढोक पक्ष्याचा होता. पक्षी वीजवाहिन्यांवर आदळून मरतात म्हणून २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश झाला होता. सौरऊर्जेला तो अडचणीचा ठरला आणि २०२४ मध्ये न्यायालयानं तो सैल केला. समोरचा वकील हा संदर्भ काढणारच. म्हणून हक्क जरूर सांगा, पण सगळा दावा त्या एका निकालावर टांगू नका. त्याखाली एखाद्या कायद्याचं ठोस कलम हवंच.

दुसरं प्रकरण रिधिमा पांडे या मुलीचं. तिनं २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अर्ज केला, देशानं हवामान बदलावर पुरेशी पावलं उचलावीत म्हणून. जानेवारी २०१९ मध्ये तो फेटाळला गेला. कारण असं दिलं, की पर्यावरणीय आघात मूल्यांकनात, म्हणजे प्रकल्पाला मंजुरी देण्याआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा जो अहवाल होतो त्यात, हवामानाचा विचार धरलेलाच आहे. वरवर हा पराभव आहे, पण आपल्या कामाचं सगळ्यात उपयोगी वाक्य त्यातच आहे. हवामानाचा विचार त्या अहवालात असायला हवा हे न्यायाधिकरणानंच म्हटलं आहे, तेव्हा ज्या अहवालात तो नसेल त्या अहवालाला याच मुद्द्यावर आव्हान देता येतं.

तिसरं प्रकरण सीमेपलीकडचं. २०१५ मध्ये असगर लेघारी या शेतकऱ्यानं लाहोर उच्च न्यायालयात अर्ज केला. जगाचं उत्सर्जन थांबवा असं त्यानं मागितलं नाही. सरकारनं २०१२ मध्ये हवामान बदलाचं स्वतःचं धोरण मंजूर केलं आहे, ते अमलात आणा, एवढीच मागणी होती. न्यायालयानं देखरेखीसाठी आयोग नेमला. सरकारचा कागद सरकारपुढेच ठेवायचा, ही रीत आपल्याकडेही चालते.

पहिल्या भेटीत तीन प्रश्न

काय गेलं? कोणत्या तारखेला गेलं? आणि कोणाच्या सहीनं, किंवा सही न केल्यानं गेलं? तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण 'हवामान' प्रतिवादी होऊ शकत नाही. विमा कंपनी, बँक, जिल्हाधिकारी, प्रदूषण नियंत्रण मंडळ, नगरपालिका, प्रकल्प चालवणारी कंपनी, यांतलं कोण ते ठरलं की मंच आपोआप ठरतो.

विम्याचा वाद जिल्हा ग्राहक आयोगाकडे जातो. पाणी, हवा, वनसंवर्धन, जैवविविधता आणि पर्यावरण संरक्षण या कायद्यांचा भंग असेल तर हरित न्यायाधिकरणाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठाकडे. वनहक्क कायदा आणि वन्यजीव संरक्षण कायदा न्यायाधिकरणाच्या अनुसूचीत नाहीत, त्यामुळे तिथे उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. गावाबाहेरच्या कचऱ्याच्या धुरासारख्या तक्रारीला मात्र पुणे-संभाजीनगरला जायची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ चीच ही तरतूद आहे, आणि पैसा नाही ही नगरपालिकेची सबब चालत नाही हे रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात १९८० सालीच ठरलं आहे.

तारीख डायरीत, त्याच दिवशी

हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १४ खालच्या अर्जाला मुदत सहा महिन्यांची, आणि ती कारण पहिल्यांदा उद्भवल्यापासून मोजतात. कलम १५ खाली भरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षं. या दोन्हींत पुरेसं कारण दाखवलं तर साठ दिवस वाढवून मिळतात. कलम १६ खाली पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील तीस दिवसांत, फार तर आणखी साठ. त्या साठ दिवसांनंतर विलंबमाफी नाही. दिवाणी कोर्टातल्या सवयीनं 'नंतर विलंबमाफीचा अर्ज देऊ' असं इथे म्हणू नका. ग्राहक आयोगात मुदत दोन वर्षं, तिथे विलंब माफ होऊ शकतो. अशिलाचं बोलणं संपायच्या आत शेवटची तारीख फाईलच्या मुखपृष्ठावर लाल शाईनं लिहा.

माहिती अधिकार: दीडशे शब्दांत

महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांचा हवा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला की काम भागतं. मोघम अर्जाला मोघम उत्तर येतं, म्हणून 'वाळूबाबत सर्व माहिती द्यावी' असं लिहू नका. गट क्रमांक, वाळूघाटाचं नाव आणि वर्ष टाका. पहिल्या अर्जात प्रत मागण्यापेक्षा फाईल पाहण्याची परवानगी मागावी, असं माझं मत आहे. फाईल उघडली की कोणता कागद महत्त्वाचा ते कळतं, आणि कोणता कागद फाईलमध्ये नाहीच हेही कळतं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करा. दुसऱ्या अपिलाला नव्वद दिवस असतात, पण नाशिकच्या माहिती आयोगापर्यंत जाण्यात न्यायाधिकरणाची सहा महिन्यांची मुदत सहज निघून जाते. तेव्हा हातात आहे तेवढ्या कागदावर अर्ज दाखल करा आणि उरलेले कागद हजर करण्याचा आदेश न्यायाधिकरणाकडूनच मागा.

पुरावा कोर्टात टिकेल असा

आज प्रत्येक अशिलाच्या मोबाईलमध्ये शेकडो फोटो असतात आणि त्यातले बहुतेक व्हॉट्सॲपवरून फिरून आलेले. मूळ फाईल जिच्यात आहे तो मोबाईल जपून ठेवायला सांगा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत: एक उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडी ठसा, त्यात नोंदवावं लागतं. जुन्या साक्ष्य कायद्याच्या ६५-ब च्या नमुन्यावर भागणार नाही.

फोटो काढण्याची शिस्त अशिलाला आधीच शिकवा. एक फोटो दुरून, ज्यात शेजारची ओळखीची खूण दिसेल: डीपी, विहीर, पांदीचं वळण. एक मधल्या अंतरावरून, ओळी दिसतील असा. आणि एक अगदी जवळून, मोडलेलं खोड आणि घड यांचा. लोकेशन चालू ठेवून काढलेले असे तीन फोटो नुसत्या पडलेल्या बागेच्या तीस फोटोंपेक्षा जड पडतात.

तज्ज्ञ बाहेरून आणायची गरज नाही. जळगावचं केळी संशोधन केंद्र, पालचं कृषी विज्ञान केंद्र, धुळ्याचं कृषी महाविद्यालय, विद्यापीठाचा पर्यावरण विभाग, सगळे जवळ आहेत. लेखी मत मागताना प्रश्न नेमका विचारा. 'हवामान बदलामुळे नुकसान झालं का' या प्रश्नाला कोणीही सावध उत्तर देईल. 'अमुक दिवशी इतकं तापमान सलग इतके दिवस राहिलं, तर निसवलेल्या (घड बाहेर पडलेल्या) बागेवर काय परिणाम होतो' याचं उत्तर ठाम मिळतं.

अक्कलकुवा-अक्राणीकडच्या अशिलाचं प्रतिज्ञापत्र करताना पावरी किंवा भिली जाणणारा माणूस शेजारी बसवा. मजकूर त्या भाषेत वाचून दाखवला, समजला, अशी त्याची नोंद आणि सही प्रतिज्ञापत्रावरच घ्या. उलटतपासणीत 'मला काय लिहिलंय माहीत नाही' असं उत्तर निघालं की चांगली केस तिथेच बसते. आणि पुण्याच्या पीठासाठी मराठी कागदांची इंग्रजी भाषांतरं सोबत जोडा.

केळीचा विमा

यावर जरा थांबतो, कारण सर्वात जास्त अन्याय आणि सर्वात जास्त हार इथेच होते.

हवामान आधारित फळपीक विमा आणि पंतप्रधान पीक विमा या दोन वेगळ्या योजना आहेत आणि त्यांचा पुरावाही वेगळा. फळपीक विम्यात तुमच्या अशिलाची बाग किती जळली हे ठरवलं जात नाही. महसूल मंडळातल्या संदर्भ हवामान केंद्रावर ठरावीक काळात, ठरावीक दिवस, ठरावीक तापमानाची नोंद झाली की नाही, एवढंच पाहतात. म्हणजे करपलेल्या घडाचा फोटो कितीही बोलका असला तरी उष्णतेच्या दाव्यात निर्णायक कागद हा केंद्राच्या रोजच्या नोंदीचा तक्ता असतो. तो तक्ता हातात आला की एकेक ओळ वाचा. काही दिवसांच्या नोंदी रिकाम्या आहेत का? रिकाम्या असतील तर त्या कोणत्या शेजारच्या केंद्रावरून भरल्या? लगतच्या दोन मंडळांत त्याच दिवशी काय नोंद आहे? दोन्हीकडे पारा चढलेला आणि मधल्याच मंडळात उतरलेला दिसला, तर तोच तुमचा मुद्दा.

वेगाच्या वाऱ्याचं आणि गारपिटीचं वेगळं. तिथे नुकसान झाल्यावर ७२ तासांत कळवण्याची अट येते आणि नंतर पाहणी होते. फोन लावल्याची नोंद, ॲपवरच्या तक्रारीचा क्रमांक, बँकेत दिलेल्या अर्जाची पोच, जे असेल ते जपा. या ७२ तासांच्या अटीपुढे हात टेकू नका. धाराशिव जिल्ह्यातल्या खरीप २०२० च्या सोयाबीन विम्याचा याच अटीवरचा वाद औरंगाबाद खंडपीठात गेला होता आणि २०२२ मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूनं लागला. तो निकाल मुळातून वाचून फाईलला लावा.

त्या वर्षाचा शासन निर्णय फाईलमध्ये सर्वात वर ठेवा. तापमानाचे टप्पे, कालावधी आणि रक्कम त्यात असते आणि वर्षागणिक ती बदलू शकते. मागच्या वर्षीच्या निर्णयावर लिहिलेली तक्रार पहिल्याच तारखेला उघडी पडते.

नकाराचं आणखी एक कारण म्हणजे 'शेतात केळी आढळली नाही'. कधी ते ई-पीक पाहणीवरून दिलं जातं, कधी उपग्रहाच्या चित्रावरून. अशा वेळी सातबाऱ्यावरचा पीकपेरा, रोपं घेतल्याची पावती, ठिबकचं बिल आणि केळी कापून नेल्याच्या व्यापाऱ्याच्या पट्ट्या एकत्र लावा. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (त्यानंतरची), लागवडीचा महिना कोणता, हेही स्पष्ट लिहा, कारण पाहणीच्या दिवशी झाड किती मोठं असणार हे त्यावरून ठरतं.

पंचनामा हाती घेऊन पाहा. बहुतेक वेळा एका कागदावर वीस-पंचवीस खातेदारांची नावं, प्रत्येकासमोर एकच टक्केवारी, खाली सह्या. भेटीची वेळ नाही, मोजलेल्या झाडांची संख्या नाही. असा पंचनामा तुमच्या बाजूचा असला तरी त्याच्यावर विसंबू नका. त्याला शेजारच्या दोन शेतकऱ्यांची प्रतिज्ञापत्रं जोडा.

आयोगापुढे जाण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या तक्रार निवारण समितीला अर्ज द्या आणि पोच घ्या. मग ग्राहक आयोग. आयोगाची आर्थिक मर्यादा मागितलेल्या भरपाईवर मोजत नाहीत, दिलेल्या मोबदल्यावर म्हणजे हप्त्यावर मोजतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला तक्रारीचं शुल्क नाही. त्यामुळे जवळपास प्रत्येक शेतकऱ्याची केस जिल्हा आयोगातच, बिनशुल्क बसते. बँकेनं हप्ता कापून माहिती चुकीची पाठवली असेल तर बँकेला विरुद्ध पक्ष करायला विसरू नका. एकाच मंडळातले, एकाच कारणानं नाकारलेले पन्नास शेतकरी असतील तर ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३५ खाली परवानगी घेऊन एकत्र तक्रार करता येते. विमा सेवा ही स्थायी लोक अदालतीच्या यादीतही आहे. रक्कम लहान आणि कागद स्वच्छ असतील तर तो रस्ता लवकरचा.

वाळू आणि राख

तापी, गिरणा, पांझरा, बोरी यांच्या पात्रातली वाळू गेली की काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, आणि पाऊस लहरी झालेल्या काळात विहीर हाच गावाचा आधार. २०१२ च्या दीपक कुमार निकालानं पाच हेक्टरांहून लहान घाटांनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक केली. त्यानंतरच्या नियमांनुसार जिल्हा सर्वेक्षण अहवाल लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की वाळू पुन्हा किती साठते याचा पुनर्भरण अभ्यास नसलेला अहवाल ग्राह्य नाही. म्हणून आधी तो अभ्यास मागा. अवैध ट्रॅक्टर-डंपरचे फोटो काढायला अशिलाला रात्री नदीत पाठवू नका. जिवाला धोका आहे. घाटाच्या वेगवेगळ्या महिन्यांतल्या उपग्रह प्रतिमा आणि ग्रामपंचायतीचा ठराव हा सुरक्षित पुरावा आहे.

भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक वीज केंद्राभोवती राखेची तक्रार आली तर ३१ डिसेंबर २०२१ ची राख वापराबाबतची अधिसूचना पाहा. न वापरलेल्या राखेवर टनामागे हजार रुपये पर्यावरणीय भरपाई तिच्यात आहे. मंजुरीतल्या अटी आणि दर सहा महिन्यांचा पूर्तता अहवाल समोरासमोर ठेवा, फरक दिसतो. न्यायाधिकरण बहुधा संयुक्त समिती नेमतं. समिती येईल त्या दिवशी ठिकाणांची अक्षांश-रेखांशासह यादी घेऊन हजर राहा. समितीचा अहवाल विरोधात गेला तरी हरकत नोंदवा, कारण निवाड्याचं काम समितीवर सोपवता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं आहे.

जनसुनावणीला जा

प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांचं म्हणणं ऐकायला जनसुनावणी होते. पर्यावरण मंजुरीच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार सुनावणीच्या किमान तीस दिवस आधी जाहिरात हवी, अहवालाचा सारांश मराठीत हवा, चित्रीकरण हवं. हरकत तोंडी मांडाच, पण लेखी देऊन पोच घ्या. रिधिमा पांडे प्रकरणातलं ते वाक्य इथे वापरा: या अहवालात पुढच्या पंचवीस वर्षांचं तापमान, पावसातले बदल आणि तापीतलं उन्हाळ्यातलं पाणी यांचा विचार कोणत्या पानावर आहे? उत्तर इतिवृत्तात आलं नाही तर तोच अपिलाचा पहिला मुद्दा.

सातपुड्यात आधी ग्रामसभा

साक्री तालुक्यातल्या बारीपाड्यानं जंगल राखून दाखवलं. त्या कामासाठी चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. वनहक्क कायद्याचं कलम ५ ग्रामसभेला हेच जंगल राखण्याचा अधिकार देतं. म्हणून वकिलानं आधी सामूहिक वनहक्काचा दावा पूर्ण करून द्यावा. दावा नाकारला तर वरच्या समितीकडे जायला साठ दिवस असतात.

धुळे-नंदुरबारच्या माळांवर सौर आणि पवन प्रकल्प येत आहेत. मी त्यांच्या बाजूचा आहे, कोळसा कमी व्हायलाच हवा. पण या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागत नाही, म्हणजे जनसुनावणीही नाही. आदिवासी शेतकऱ्याच्या हातात उरतं ते जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ, पेसा (आदिवासी क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) आणि वनहक्क कायदा. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देताना ३६-अ नुसार पाच वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीनं होतो, त्यापुढच्या व्यवहाराला राज्य शासनाची पूर्वमान्यता लागते. सही करण्याआधी करार वाचून देणं हे इथलं सर्वात मोलाचं काम आहे, आणि त्याला कोर्टाची पायरीही चढावी लागत नाही.

कोर्टाबाहेरचं काम

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या कलम ३१ खाली प्रत्येक जिल्ह्याची आपत्ती योजना असते आणि तिचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो. जानेवारीतच ती मागवा. उष्माघाताचं पान उघडा. रोहयोच्या कामाची वेळ, बसस्थानकावरचं पाणी, ग्रामीण रुग्णालयातली सोय यांतलं काय लिहिलंय आणि काय केलंय याचं दोन पानी निवेदन फेब्रुवारीत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. एप्रिलमध्ये काही झालं नाही तर लेघारीच्या मार्गानं रिट तयार असते. रस्ता रुंदीकरणात झाडं जाणार असतील तर वृक्ष प्राधिकरणाच्या नोटिशीला मुदतीत हरकत घ्या. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड असेल तर वृक्ष संरक्षण कायद्याची २०२१ ची दुरुस्ती पाहा.

मसुदा आणि फी

मसुद्यात क्रम असा ठेवा: घटना, तारखा, कलमं, कसूर, आणि त्यानंतर हवामान बदल. पहिल्या पानावर पृथ्वीचं तापमान लिहिलं की न्यायाधीशाला वाटतं, हे धोरणाचं प्रकरण आहे, आपलं नाही. शेवटच्या मुद्द्यात रणजितसिंह निकाल येऊ द्या. तोवर नुकसान आणि कसूर सिद्ध झालेली असते. न्यायाधिकरणात कलम २० चं नाव घ्या: खबरदारीचं तत्त्व आणि प्रदूषकानं भरपाई देण्याचं तत्त्व त्यातच आहे.

भरपाई न मागणाऱ्या अर्जाला न्यायाधिकरणात हजार रुपये शुल्क आहे. अशिलाकडे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ मध्ये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती यांच्याबरोबर पूर आणि दुष्काळाचे बळीही आहेत. हे फार कमी लोकांना माहीत आहे. मिळणाऱ्या विम्यात टक्का ठरवून वकीलपत्र घेऊ नका, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही. शेतकरी मेळाव्यात कायदा जरूर समजावा, स्वतःच्या नावाची पत्रकं वाटू नका.

निकाल लागल्यावर

प्रार्थनेतच मागा, की पूर्तता अहवाल अमुक तारखेपर्यंत, अमुक अधिकाऱ्यानं, प्रतिज्ञापत्रावर द्यावा. पदनाम लिहा, 'संबंधित विभाग' लिहू नका. न्यायाधिकरणाचा आदेश कलम २५ खाली दिवाणी हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. ग्राहक आयोगाचा आदेश पाळला नाही तर कलम ७१ खाली वसुली आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज, दोन्ही लावा. निकालाची प्रमाणित प्रत मिळाली की तिचं एक पानी मराठी सार गावच्या चावडीवर लावायला द्या. त्यात रक्कम, मुदत आणि जबाबदार अधिकाऱ्याचं पदनाम ठळक असू द्या, म्हणजे मुदत संपल्यावर विचारायला गावातूनच माणसं जातील.